कौसाबाई लाव

मुख्यालयाचं पत्र वाचायची हेमकांत पाटलांची एक पद्धत होती. आधी शेवटचा परिच्छेद वाचायचा, मग चहा मागवायचा, मग मनसोक्त रागवायचं आणि त्यानंतर पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. वरचं सगळं साखरेत घोळवलेलं असतं आणि नांगी शेपटीत असते, हे तीस वर्षांच्या नोकरीत ते शिकले होते. जानेवारीत आलेल्या पत्राची शेपटी अशी होती: अनुदानात कपात झाल्यामुळे प्रत्येक रेडिओ केंद्राने आपल्या स्थानिक कार्यक्रमांचा खर्च स्वतः उभा करावा. ज्या कार्यक्रमाला एकतीस मार्चपर्यंत प्रायोजक मिळणार नाही, किंवा त्याला श्रोते आहेत असं पाहणीत सिद्ध होणार नाही, तो एक एप्रिलपासून बंद करून त्या वेळेत राजधानीचं प्रसारण जोडून द्यावं.

‘स्थानिक कार्यक्रमांचा’ म्हणे! जणू इथे डझनभर कार्यक्रम दावणीला बांधून ठेवले होते. नंदुरबारच्या या सरकारी केंद्रात चोवीस तासांतला साडेतेवीस तासांचा माल बाहेरून यायचा. स्वतःचा असा अर्धाच तास उरला होता, संध्याकाळी साडेसहाची ‘सांजनी बैठक’. ती गेली की उरणार काय, तर गावाबाहेरच्या माळावर एक मनोरा, दोन खोल्या, एक निवृत्तीला टेकलेला इंजिनिअर आणि स्वतः हेमकांत. कधीकाळी इथे बावीस माणसं होती. माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक चढत गेल्या. स्टुडिओच्या भिंतीवरचे आवाज शोषणारे पत्रे गळून पडले, तेव्हा दुरुस्तीची मागणी हेमकांतांनी चार वेळा केली. शेवटी कौसाबाईने घरून तीन गोधड्या आणून भिंतीला ठोकल्या. त्या दिवसापासून आवाज पहिल्यापेक्षा चांगला येऊ लागला, आणि मुख्यालयाकडून पत्र्यांच्या मागणीवर ‘विचाराधीन’ असा शेरा आला.

ही कौसाबाई म्हणजेच ‘सांजनी बैठक’. सत्तावीस वर्षांपूर्वी हेमकांत नवे कोरे अधिकारी होते आणि अहिराणीत बोलणारा माणूस शोधत गावभर फिरत होते. मिरचीच्या पथारीवर, म्हणजे जिथे लाल मिरची मैदानभर वाळत घालतात तिथे, एक बाई पन्नास मजुरणींना या टोकावरून त्या टोकाला हाका मारत होती. आवाज मिरचीच्या धसक्याने घोगरा झालेला, पण एकेक शब्द ठसठशीत. हेमकांतांनी तिला तशीच नाकाला पदर बांधलेली उचलून माइकसमोर आणून बसवली. तिची नेमणूक ‘नैमित्तिक’ झाली. नैमित्तिक म्हणजे निमित्तापुरती, पण हे निमित्त सत्तावीस वर्षं संपलं नव्हतं, आणि तिला कायम करायची सवड कोणालाही झाली नव्हती.

रोज संध्याकाळी ती मिरची, कापूस, केळी यांचे भाव सांगायची. नदीवरच्या धरणाचे कोणते दरवाजे उघडणार, कोणाची म्हैस हरवली, कोणाची सापडली, हे सांगायची. गुरुवारी नर्मदेवरची दवाखान्याची बोट कुठल्या दिवशी कुठल्या काठाला लागणार ते मोडक्यातोडक्या भिलीत सांगायची. तिची भिली ऐकून मणिबेलीसारख्या गावांत लोक पोट धरून हसायचे, पण बोटीच्या दिवशी लेकरांना घेऊन बरोबर काठावर हजर असायचे. आणि शेवटी रोज एकच वाक्य: “जित्ती ऱ्हायनी तं सकाय भेटूत.” जिवंत राहिले तर उद्या भेटू. पहिल्याच दिवशी हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी अशुभ म्हणून हरकत घेतली. कौसाबाई म्हणाली, “मंग काय खोटं सांगू?” ते वाक्य राहिलं.

हेमकांतांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. या नोकरीत आपण एकच काम धड केलं, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ते काम म्हणजे हा अर्धा तास. तो आपल्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायचा नाही, असं ठरवून ते प्रायोजक शोधायला बाहेर पडले.

सरकारी अधिकाऱ्याला जाहिरात मागायला पाठवणं म्हणजे भटजीला कुस्तीला उतरवणं. कापसाच्या जिनवाल्याने चहा पाजला आणि म्हणाला, माझा कापूस कोणी रेडिओ ऐकून घेत नाही. बियाण्यांच्या दुकानदाराने मोबाइल पुढे केला, “याच्यावर फुकट होतं सर.” एका कोचिंग क्लासवाल्याने तयारी दाखवली, पण त्याची अट होती की बाईने शुद्ध बोलावं. हेमकांतांनी त्याच्या क्लासच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या चुका मनात मोजल्या आणि उठले.

खरा होकार मिळाला तो लोणखेड्याच्या पलीकडे, तापीकाठच्या गावात. रतिलालशेठ केळीचा मोठा व्यापारी, गुजर समाजातला, घरची शंभर एकर बाग. त्याने हेमकांतांना झोपाळ्यावर शेजारी बसवलं, वर्षाचा सगळा खर्च ऐकला आणि पापणीही हलवली नाही.

“भरी देस मी, पाटीलसाहेब. बठ्ठा पैसा भरी देस. पन एक काम करा.”

“काय करानं, शेठ?”

“कौसाबाई मन्ही दुश्मन नही. पन ती रोज सांजले बऱ्हाणपूरना केळीना भाव सांगी देस. दुसरा दिन शेतकरी मन्ह्या गाडीपुढे उभा ऱ्हाईसन म्हनस, शेठ, कौसाबाईनी इतला सांगा, तुम्ही कमी काब देतस? तेवढा केळीना भाव गाळी टाका. मिरची सांगा, कापूस सांगा, म्हशी हरावतीस त्या सांगा. मन्ही काहीच ना नही.”

हेमकांत झोपाळ्यावरून उतरले. लाज वाटायची गोष्ट ही, की त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी मनाशी हिशेब घातला: एक केळी गेली तर बाकीचं सगळं वाचतं. कौसाबाईची रोजी वाचते, दवाखान्याची बोट वाचते. केळीवाले काय, मोबाइलवर भाव बघतील. असं घोळवत घोळवत त्यांनी तिसऱ्या दिवशी ते कौसाबाईच्या कानावर घातलं.

कौसाबाई तेव्हा चष्मा पुसत होती. ती पुसतच राहिली.

“भाऊ, मी पथारीवर दहा वरीस काढात. तठे भाव फक्त शेठले माहीत ऱ्हाये. आम्ही फक्त खोकलूत. तुम्ही मले आठे आनं कसाले? भाव सांगाले ना?”

त्या संध्याकाळी तिने केळीचा भाव दोनदा सांगितला. एकदा नेहमीसारखा, आणि मग, “परत सांगस, कोनी ऐकं नही व्हई तं,” म्हणून सावकाश, एकेक आकडा सुटा करून. काचेपलीकडे हेमकांतांचे कान तापले. रतिलालशेठचा फोन पुन्हा आला नाही.

फेब्रुवारीत ते विसरवाडीला गेले. हायवेवर टायरवाले, धाबेवाले, ट्रकचे सुटे भाग विकणारे, यांच्यातला एखादा तरी हाताला लागेल अशी आशा होती. दिवसभरात एकही लागला नाही. साडेसहाच्या सुमारास थकून ते बसथांब्यामागच्या फुलीबाईच्या चहाच्या टपरीवर टेकले. सत्तरीची म्हातारी, चहा ती करायची आणि भजी तिचा धाकटा भाऊ हिलाल तळायचा. बाकावर दोन ट्रकवाले आणि शेजारचा पंक्चरवाला बसले होते. घड्याळ कोणी पाहिलं होतं कोण जाणे, पण फुलीबाईने कपबशी खाली ठेवली आणि ओरडली,

“हिलाल, कौसाबाई लाव रे! भाव निंघी जाई ऱ्हायना!”

हिलालने तेलाच्या हाताने खांबाला टांगलेल्या डब्याची कळ फिरवली आणि टपरीवर कौसाबाईचा घोगरा आवाज आला. पंक्चरवाला पाना हातात धरून थांबला. हेमकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली, ओळख न देता निघाले आणि एस.टी.त बसून स्वतःशीच हसले. प्रायोजक नसेना का! पत्रात दोन वाटा होत्या. पाहणी होऊ द्या एकदा. प्रत्येक घरात ही बाई बोलते, मग काय चिंता?

आता सांगायला हरकत नाही, ‘कौसाबाई लाव’ हे त्यांनी त्याआधीही शंभरदा ऐकलं होतं. सून सासूला म्हणायची, ‘कौसाबाईना येळ व्हई गया.’ सेल संपले की लोक दुकानात जाऊन ‘कौसाबाईना सेल’ मागायचे आणि दुकानदार निमूट दोन पेन्सिल सेल काढून द्यायचा. हेमकांतांना त्याचा अभिमान होता. पण ऐकणं हाच ज्याचा धंदा, त्या माणसाला यात काय शिजतंय ते ऐकू आलं नाही.

पाहणीसाठी पुण्याच्या एका संस्थेची सीमा नावाची मुलगी आली. हुशार, कष्टाळू, उन्हाने नाक सोललेलं. हातात पाटीसारखा टॅबलेट, त्यात प्रश्न. चारशे घरं करायची होती. हेमकांत म्हणाले, मी सोबत येतो, वाटा दाखवतो. ती नम्रपणे म्हणाली, “सर, केंद्राचा माणूस सोबत असला तर पाहणी बाद होते.” ते खरंच होतं. मग हेमकांतांनी तिला ऊन फार होईल म्हणून स्वतःची टोपी दिली आणि निश्चिंत झाले.

तीन आठवडे ती फिरली. तापीकाठ केला, नवापूरकडचा भाग केला, बोटीने मणिबेलीपर्यंत जाऊन आली. मार्चच्या वीस तारखेला परत जायच्या आधी ती टोपी द्यायला केंद्रावर आली. चेहरा पडलेला होता.

“सर, वाईट वाटतं सांगायला. चारशे घरांत रेडिओ ऐकणारी अकरा निघाली.”

हेमकांतांना वाटलं, ही थट्टा करतेय.

“अकरा? अहो, एकट्या विसरवाडीच्या त्या टपरीवर—”

“टपरीवर मी गेले होते. त्या आजींना मी तीनदा विचारलं, तुम्ही रेडिओ ऐकता का? त्या म्हणाल्या, नाही बाई, रेडिओ कुठला, वेळ कुणाला आहे. सगळीकडे हेच.” तिने थांबून टॅबलेट चाळला. “एक विचारायचं होतं सर. ही कौसाबाई कोण? म्हणजे आशाताई आहे, की कुठल्या पक्षाची कार्यकर्ती? ‘बातमी, बाजारभाव कुठून कळतात’ हा पुढचा प्रश्न होता. टीव्ही, रेडिओ, मोबाइल, इतर. ‘इतर’मध्ये दोनशे त्रेसष्ट घरांनी एकच नाव सांगितलं. इतक्या गावांत ही बाई रोज जाते तरी कशी?”

हेमकांत खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्ची तिथे होती म्हणून बरं झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर फुलीबाई आली. ‘रेडिओ ऐकता का’ असं पुस्तकी मराठीत विचारणारी पोर समोर, आणि म्हातारी प्रामाणिकपणे नाही म्हणतेय. रेडिओ म्हणजे ते शहरातलं गाण्यांचं काहीतरी. आपण कुठे ऐकतो? आपण तर कौसाबाई लावतो.

त्यांनी सीमाला आत नेलं आणि गोधड्यांच्या मधोमध बसून कागद चाळणारी कौसाबाई दाखवली. सीमा कितीतरी वेळ काचेला हात लावून उभी राहिली. मग म्हणाली, “सर, अहवाल काल रात्रीच अपलोड झाला. तरी मी टीप लिहिते. शब्द देते.” तिने टीप लिहिली, हे तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती परिशिष्ट चारमध्ये लागली. परिशिष्ट चारपर्यंत पोचणारा वाचक सरकारात अजून जन्माला यायचा आहे.

हेमकांतांनी मुख्यालयातल्या उपसंचालकांना फोन लावला.

“साहेब, पाहणीत गफलत झाली आहे. आमच्याकडे रेडिओला कौसाबाई म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“लोक म्हणतात.”

“पाटील, प्रश्न होता, रेडिओ ऐकता का. उत्तर आलं, नाही. यात तुम्हाला नेमकं काय कळत नाहीये?”

“साहेब, ‘इतर’मधले दोनशे त्रेसष्ट तेवढे ‘रेडिओ’त धरा. तुम्हीच बघा, त्यांनी आपल्याच निवेदिकेचं नाव—”

“माहिती गोठवली आहे. रकाना बदलता येत नाही. आणि खरं सांगू का, श्रोत्यांना माध्यमाचं नावच माहीत नसेल तर ते केंद्राचं अपयश आहे. तुम्ही त्यांचं प्रशिक्षण घ्यायला हवं होतं.”

“मग फेरपाहणी तरी करा.”

“करू ना. पुढच्या आर्थिक वर्षात प्रस्ताव पाठवा.”

पुढच्या आर्थिक वर्षात पाहायला काय उरणार होतं, हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला होता. उंटावरून शेळ्या हाकणारे हेमकांतांनी पुष्कळ पाहिले होते, पण शेळीला शेळी म्हणू न देणारा हा पहिलाच. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, काच तडकली आणि नव्या काचेचा प्रस्ताव कुणाला पाठवायचा या विचाराने त्यांना आणखीच संताप आला.

चार दिवसांनी दोन पत्रं एकाच पाकिटातून आली. पहिलं अपेक्षित होतं: ‘सांजनी बैठक’ एक एप्रिलपासून बंद. हा वेळापत्रकातील फेरबदल असून त्याची कोणतीही घोषणा प्रसारणातून करू नये, केल्यास संबंधित अधिकाऱ्यावर कारवाई होईल. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की पाहणीनुसार आपल्या जिल्ह्यात कौसाबाई, पूर्ण नाव अज्ञात, नावाची एक अत्यंत प्रभावी स्थानिक महिला असल्याचं निदर्शनास आलं आहे. केंद्राने तिचा शोध घ्यावा आणि गावोगाव आपल्या नव्या मोबाइल अ‍ॅपचा प्रचार करण्यासाठी तिला मानधनावर नेमावं. मानधन दर गावामागे होतं आणि ते कौसाबाईच्या रोजच्या बिदागीच्या चौपट होतं.

हेमकांतांनी ते पत्र तिला वाचून दाखवलं. कौसाबाई हसायला लागली. हसता हसता जुना खोकला उसळला आणि ती डोळे पुसत भिंतीला टेकली.

“पूर्ण नाव अज्ञात! सत्तावीस वरीस मन्ही सही लेतस, आनि अज्ञात!” मग तिचं हसू ओसरलं. “भाऊ, इतर म्हंजे काय?”

“म्हंजे… जे कशातच बसत नही ते.”

“हां. मन्हा आवाज बंद करीसन मलेच तुम्हना मोबाइलनी दवंडी पिटाले धाडतस. मनिबेलीमां टावर तरी शे का? सांगी द्या त्यासले, ती बाई सापडनी नही.”

हेमकांतांनी तसंच कळवलं. ‘सदर महिला शोध घेऊनही आढळून आली नाही.’ नोकरीत त्यांनी लिहिलेलं हे सर्वांत रागीट वाक्य होतं, आणि ते वाचून वर कोणालाही राग आला नाही.

एकतीस मार्चला कौसाबाई नेहमीच्या वेळी आली. हेमकांतांनी तिला दारातच गाठलं आणि हात जोडले.

“कौसाबाई, आज शेवटलं शे हे बोलू नका. मन्ही पेन्शन अडकाडतीन. तेवढं सांभाळी ल्या.”

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. अर्धा तास वाचवायला निघालेला माणूस आता त्याचं मरणही लपवत होता. कौसाबाईने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली. मिरचीचा भाव सांगितला. केळीचा सांगितला. एका म्हशीचं वर्णन केलं, उजवं शिंग मोडलेली, कपाळावर पांढरा टिळा. शेवटी ती थांबली. सहा-सात सेकंद नुसती शांतता गेली. इंजिनिअरने घाबरून मान वर केली. मग कौसाबाई म्हणाली,

“जित्ती ऱ्हायनी तं सकाय भेटूत.”

बाहेर येऊन तिने भिंतीवरच्या गोधड्या काढल्या, घडी घातली आणि घेऊन गेली.

एक एप्रिलला साडेसहाला हेमकांतांनी स्वतःच्या हाताने राजधानीचं प्रसारण जोडलं. तिकडून सारंगीवादन आलं, अर्धा तास, विलंबित, फार सुरेल. वाजवणाऱ्याचा काही दोष नव्हता. हेमकांत ऐकत बसले. काहीतरी टोचत होतं, पण काय ते त्यांना कळेना. दोन तारखेलाही सारंगीच होती.

तीन तारखेला दुपारी कौसाबाईचा फोन आला. आवाज विचित्र होता, रडतेय की हसतेय कळेना.

“भाऊ, जराखा लवकर या. मन्ह्या दारवर लोक उनात.”

खानदेशात ‘दारवर येणं’ याचा अर्थ एकच. घरात मयत झालं की लोक दारावर भेटायला येतात, चहापाणी न घेता बसतात आणि उठून जातात. हिच्या घरात कोण गेलं? घरात तर ही एकटीच. मोटारसायकल काढून हेमकांत चार कोसांवरच्या तिच्या गावी धावले.

गल्लीत शिरता येईना. अंगणात, ओट्यावर, समोरच्या लिंबाखाली माणसं बसली होती. पुरुषांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधले होते, बायकांनी तोंडावरून पदर ओढले होते. कोपऱ्यात बायका हेल काढून रडत होत्या. टेम्पो उभे होते, दोन जीप उभ्या होत्या. माणसं येत होती, दारातल्या बाईकडे न ओळखता पाहत होती आणि बसत होती. ती बाई म्हणजे स्वतः कौसाबाई होती. चौकटीला धरून, पांढरीफटक.

आणि त्या क्षणी हेमकांतांना टोचणारं काय ते कळलं. रेडिओवर सारंगी कधी लागायची? देशातलं कोणी मोठं गेलं की. भाव बंद, गाणी बंद, दिवसभर नुसती सारंगी. जुनी माणसं डब्याची कळ फिरवायची आणि सारंगी ऐकून पायातल्या वहाणा काढायची. आणि ही बाई तर सत्तावीस वर्षं रोज सांगत होती, जिवंत राहिले तर उद्या भेटू. उद्या ती भेटली नाही. सारंगी लागली. लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

लिंबाखाली बाज्या बसला होता, मणिबेलीचा. पहाटे बोटीत बसला होता, मग जीप, मग एस.टी., मग पायी. सोबत मूठभर मोहाची फुलं फडक्यात बांधून आणली होती. ती कोणाला द्यायची ते आता त्याला कळेना. तापीकाठची केळीवाली माणसं होती. कोणाच्या तरी मागे दडावं तसा रतिलालशेठही एका खाटेच्या कडेला टेकला होता. हेमकांतांची नजर पडली तसा म्हणाला, “मन्ही माय ऐके रोज. तिनी धाडं मले.” आणि दुसरीकडे बघू लागला.

हेमकांतांनी सवयीने माणसं मोजायला घेतली आणि साठाच्या पुढे सोडून दिली. कोणाला कळवणार होते? कुठल्या रकान्यात?

गर्दीतून फुलीबाई पुढे आली. हिलालने तिला दंडाला धरलं होतं. ओट्याची पायरी चढली, कौसाबाईच्या समोर उभी राहिली आणि तिने हाताने तिचा गाल चाचपून पाहिला. दोघींनी एकमेकींना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

“तूच का कौसाबाई?”

“हां माय.”

आवाज ऐकला तशा कोपऱ्यातल्या रडणाऱ्या बायका एकदम थांबल्या. साऱ्या अंगणाने मान वर केली.

“तू जित्ती शे?”

“शे ना, माय.”

फुलीबाईने गालावरचा हात काढला. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, आणि मग राग, आपल्या माणसावर येतो तसा.

“जित्ती शे, तं मंग बोलत काब नही? तीन दिन आम्हना जीव टांगेल व्हता. बोलत काब नही?”

कौसाबाईने हेमकांतांकडे पाहिलं. तिच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं. हेमकांत अंगणाच्या मध्यात उभे होते. बोलणं आणि दुसऱ्याला बोलतं करणं यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. ‘अनुदान’ला अहिराणीत काय म्हणतात? ‘माहिती गोठवली’ला? ‘म्हातारे, तू नाही म्हणालीस म्हणून’, हे या सत्तर वर्षांच्या बाईला, जिने विचारलं तेवढंच खरं सांगितलं तिला, कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि ‘मीच हात जोडून गप्प बसवलं’, हे?

“ते… वरून हुकूम उना,” एवढंच ते म्हणाले.

“वरून?” फुलीबाईने आभाळाकडे पाहिलं, तिला दुसरं वर माहीत नव्हतं. “वरून हुकूम येता तं ती मरी जाती. ती तं जित्ती शे.”

कौसाबाईने पदराने तोंड पुसलं आणि आत वळून चुलीवर मोठं पातेलं चढवलं. कोणी मेलेलं नाही, तेव्हा चहा घ्यायला हरकत नव्हती. पण रुमाल बांधून आलेली माणसं कप हातात घेऊन तशीच बसून राहिली. हे दारावरचं बसणं आहे की नाही, याचा निवाडा कोणालाच करता येईना.

साडेसहाला पाच कमी असताना उठाउठ सुरू झाली. बाज्याला शेवटची गाडी गाठायची होती. फडकं कौसाबाईच्या हातात देऊन तो आपल्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, जशी ती मोडक्या भिलीत बोलायची,

“बोट कवय येई? सकाय बोलशी ना?”

“बोलसू ना,” कौसाबाई सवयीने म्हणाली. “जित्ती ऱ्हायनी तं—”

आणि ती तिथेच अडली. सत्तावीस वर्षं त्या वाक्याला तेवढी एकच अट होती. अंगण थांबलं होतं. बाज्या रुमालाची गाठ सोडता सोडता थांबला होता. कौसाबाईने हेमकांतांकडे पाहिलं, खाली हातातल्या मोहाच्या फुलांकडे पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या घरात कोणीतरी सवयीने कळ फिरवली आणि सारंगी सुरू झाली.